ताईचीची पाच घराणी आणि नवशिक्याची निवड

ताईची शिकायला निघालेल्या माणसापुढे आज पाच नावे ठेवली जातात : चेन, यांग, वू-हाओ, वू आणि सुन. ही चिनी कुटुंबांची आडनावे आहेत, आणि हिंदुस्थानी संगीतातल्या घराण्यांप्रमाणे एकाच मूळ विद्येच्या या शाखा आहेत. पाचांतले पवित्रे बहुतांशी सारखे, त्यांची नावेही बरीचशी तीच. फरक आहे तो लयीचा, बैठकीच्या उंचीचा आणि हातपायांच्या आवाक्याचा. हे फरक नवशिक्याला तत्त्वज्ञानाचे वाटतात आणि शिकवणारेही बहुधा तसेच सांगतात. इतिहास पाहिला तर त्यांतले बरेचसे शिष्यवर्गाचे फरक आहेत. वस्तादाने कोणाला आणि कोणत्या काळात शिकवले, यावरून त्या त्या घराण्याची चाल ठरत गेली. खेड्यातले भाऊबंद, राजवाड्यातले सरदार, पुस्तके जमवणारे जमीनदार आणि शहरातले बैठ्या कामाचे नोकरदार यांना एकच विद्या एकाच रीतीने शिकवता येत नव्हती.

‘कोणते घराणे निवडावे’ हा प्रश्नच मुळी विसाव्या शतकातला. त्याआधी शिष्याने निवड करायची सोय नव्हती. ज्या गावात जन्म झाला किंवा ज्या पलटणीत नेमणूक झाली, तिथला वस्ताद शिकवील ते शिकायचे, आणि शिकवायचे की नाही हेही वस्तादच ठरवी.

या विद्येचे सर्वांत जुने खात्रीचे ठिकाण म्हणजे हेनान प्रांतातल्या वेन तालुक्यातले चेनजियागोऊ हे खेडे. ह्वांग हो नदीच्या उत्तरेला असलेल्या या गावात चेन आडनावाची वस्ती चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात शांशी प्रांतातून येऊन स्थिरावली. ताईचीचा उगम मात्र लोकमानसात या खेड्यात नसून वूदांगच्या डोंगरात आहे. तिथल्या चांग सानफंग नावाच्या ताओपंथी सिद्धपुरुषाने ही विद्या निर्माण केली, अशी कथा आजही अनेक वर्गांत पहिल्याच दिवशी सांगितली जाते. सानफंगचे नाव मुष्टिविद्येशी जोडले गेल्याचा पहिला ठळक पुरावा 1669 चा आहे. ह्वांग चोंगशी या विद्वानाने एका मल्लासाठी लिहिलेल्या समाधिलेखात तो उल्लेख येतो. पण त्या लेखात ताईचीचे नाव नाही. सानफंग ताईचीचा आद्यपुरुष झाला तो त्यानंतर फार उशिरा. प्रत्येक विद्येला एखादा ऋषी लागतोच, आणि शेतकऱ्यांच्या गावापेक्षा धुक्यातला डोंगर त्याला अधिक शोभतो.

चेनजियागोऊकडे बोट दाखवले ते तांग हाओ या इतिहासकाराने. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तो स्वतः त्या गावात गेला आणि कुळाच्या वंशावळी व जुनी टिपणे त्याने तपासली. त्याच्या मते या विद्येचा कर्ता चेन वांगतिंग. वांगतिंग हा कुळातल्या नवव्या पिढीचा पुरुष, मिंग राजवटीतला लष्करी माणूस. 1644 मध्ये ती राजवट कोसळल्यावर तो गावी राहिला. त्याच्या नावावर असलेल्या एका कवितेत म्हातारपणी रिकाम्या वेळी डाव रचल्याचा आणि हंगामात शेतात राबल्याचा उल्लेख आहे. हे डाव त्याने शून्यातून रचले नव्हते. मिंग सेनापती छी जिग्वांग याने सोळाव्या शतकात आपल्या लष्करी ग्रंथात बत्तीस पवित्र्यांचा एक संच दिला होता, आणि त्यांतले एकोणतीस चेन कुळाच्या क्रमांत सापडतात असे तांग हाओने दाखवून दिले. छी जिग्वांगचे स्वतःचे मत असे होते की नुसत्या हाताची लढाई मोठ्या रणांगणावर फारशी कामाची नाही. अंग हलके करायला आणि नवशिक्याला शस्त्रविद्येच्या दारात आणायला मात्र ती उपयोगी. म्हणजे ज्या साहित्यातून ताईची उभी राहिली, ते आधीपासूनच नवख्यांच्या तालमीचे साहित्य होते. तांग हाओचा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही. वांगतिंगच्या आधीचे दुवे शोधणारे अभ्यासक आहेत, आणि वूदांगचे अभिमानी तर आहेतच. तरीही आज नांदणाऱ्या पाचही घराण्यांची गुरुपरंपरा मागे नेत गेली तर ती चेन कुळाच्या वस्तादांपाशी पोचते, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

चेन घराण्याची विद्या खेड्याच्या गरजेतून आली. लुटारूंपासून गाव राखणे आणि व्यापाऱ्यांच्या मालाला संरक्षण देत लांबचा प्रवास करणे ही तिची कामे. म्हणून या घराण्यात संथ हालचालीच्या मधोमध अचानक स्फोटासारखा ठोसा येतो, जमिनीवर पाय आपटला जातो, उडी येते, बैठक खोल जाते. सगळ्या हालचालींना पीळ असतो. रेशमाच्या कोशातून धागा ओढताना तो न तुटता फिरत राहावा तसे बळ कमरेतून हाताच्या टोकापर्यंत फिरत गेले पाहिजे, असे तिथले वस्ताद सांगत आले आहेत. चौदाव्या पिढीतल्या चेन छांगशिंग याने (1771–1853) जुन्या अनेक क्रमांची जुळवाजुळव करून दोन मुख्य क्रम ठरवले असे परंपरा मानते : पहिला मृदू आणि लांब, दुसरा ‘तोफेच्या ठोशांचा’, जलद आणि कठोर. त्याच सुमारास चेन यौबन याने लहान आवाक्याचा प्रकार रूढ केला, त्यामुळे घराण्याच्या आतच ‘मोठी चौकट’ आणि ‘छोटी चौकट’ असे दोन पाट पडले. विद्या कुळाबाहेर सहसा जात नसे. लिहून ठेवण्याचीही पद्धत नव्हती. चेन शिन याने बारा वर्षे खपून कुळाच्या विद्येवर सचित्र ग्रंथ लिहिला, तो 1919 मध्ये पुरा झाला आणि छापला गेला 1933 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

कुळाबाहेरच्या माणसाला ही विद्या मिळाली ती एका औषधाच्या दुकानामुळे. हबे प्रांतातल्या योंगन्यान या तटबंदीच्या गावात चेनजियागोऊच्या एका चेन कुटुंबाची औषधी वनस्पतींची पेढी होती आणि तिची जागा होती तिथल्या वू नावाच्या श्रीमंत घराण्याच्या मालकीची. योंगन्यानचा यांग लूछान (1799–1872) हा गरीब घरातला तरुण या पेढीशी असलेल्या संबंधातून चेनजियागोऊला गेला आणि चेन छांगशिंगच्या हाताखाली तयार झाला. तो घरगडी म्हणून राहिला, रात्री भिंतीच्या फटीतून तालीम पाहून चोरून शिकला, पकडला गेल्यावर वस्तादाने त्याची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन त्याला शिष्य केले, ही कथा चिनी कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी घरोघरी पोचवली. लूछान तिथे टप्प्याटप्प्याने जाऊन अनेक वर्षे राहिला, एवढे मात्र सर्व परंपरा मान्य करतात. पोटापाण्यासाठी बाहेरगावी राहून विद्या मिळवणारा हा पहिला मोठा ताईचीपटू, आणि परतल्यावर पोटापाण्यासाठीच ती शिकवणाराही पहिलाच.

योंगन्यानला परतल्यावर त्याच्याकडे शिकू लागला तो पेढीच्या जागामालकांपैकी वू यूश्यांग (1812–1880). इथे शिष्याचा सामाजिक दर्जा गुरूच्या कितीतरी वरचा होता, आणि त्याचे परिणाम दूरवर झाले. यूश्यांगला पोटासाठी शिकवायची गरज नव्हती. त्याला विद्येचे मूळ हवे होते. 1852 च्या सुमारास तो स्वतः चेनजियागोऊकडे निघाला. छांगशिंग तोवर फार वृद्ध झाला होता, म्हणून यूश्यांग जवळच्या चाओबाओ गावात चेन छिंगपिंगकडे गेला आणि महिनाभराहून थोडा अधिक काळ तिथे शिकला. त्याच प्रवासात, वूयांग इथे अधिकारी असलेल्या त्याच्या भावाला मिठाच्या एका दुकानात जुने हस्तलिखित सापडले, असे सांगितले जाते. वांग त्सोंगयुए या लेखकाच्या नावावरचा ताईचीवरचा निबंध त्यात होता. थोड्या बळाने मोठे बळ वळवायचे, प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीला चिकटून राहायचे, मृदूने कठोराला जिरवायचे, ही सगळी परिभाषा त्या निबंधातून पुढे सर्व घराण्यांत पसरली. वांग त्सोंगयुए कोण होता हे कुणाला नीट सांगता आलेले नाही, आणि निबंध वू बंधूंनीच लिहिला असावा असा संशय काही अभ्यासकांनी घेतला आहे. मिठाच्या दुकानाची गोष्ट खरी असो वा रचलेली, ताईचीला तिचे शास्त्र मिळाले ते वू कुटुंबाच्या लेखणीतून. डाव यांगचे, शब्द वूंचे, अशी ही वाटणी होती.

वू यूश्यांगची चालही त्याच्या घराला शोभेल अशीच झाली : लहान, उभट, आटोपशीर, बाहेरून जवळजवळ काहीच न दाखवणारी. हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जात नाही आणि पुढच्या पायाच्या टोकापुढेही जात नाही. ही विद्या त्याचा भाचा ली यीयू याच्याकडे आणि ली यीयूकडून हाओ वेइचन याच्याकडे (1849–1920) गेली. म्हणून तिला वू-हाओ म्हणतात. तसे म्हणणे सोयीचेही आहे, कारण पुढे आणखी एक वू घराणे येते. दोन्ही नावांची चिनी अक्षरे आणि स्वर वेगळे आहेत; देवनागरीत ती एकच दिसतात, आणि वर्गात नाव नोंदवताना गोंधळ होतो तो इथेच.

यांग लूछान या काळात बीजिंगला गेला. वू कुटुंबातला एक भाऊ राजधानीत अधिकारी होता, त्याच्या ओळखीने हे जमले असे मानतात. मांचू राजपुत्रांच्या वाड्यांवर त्याने शिकवले, राजधानीतल्या एका खास पलटणीतही शिकवले. ती पलटण मुळात बंदुका-तोफांची होती, हा भाग वेगळा. ‘अजिंक्य यांग’ असे बिरुद त्याला इथे मिळाले. लांब झग्यातल्या ऐषारामी सरदारांना उड्या आणि पायआपट जमेनात, म्हणून लूछानने विद्या मवाळ केली असे बऱ्याच पुस्तकांत ठामपणे लिहिलेले असते. याला समकालीन कागदाचा आधार नाही. लूछानची मुले यांग बानहोऊ (1837–1892) आणि यांग ज्यानहोऊ (1839–1917) कठोर तालमीसाठी प्रसिद्ध होती, बानहोऊ तर शिष्यांना जबर मार देणारा म्हणून. तेव्हा मवाळपणा दोन पिढ्यांनंतर आला असणे अधिक संभवते.

राजधानीतल्या दर्जाच्या उतरंडीने मात्र खरोखरच एका घराण्याला जन्म दिला. छुआनयोऊ (1834–1902) हा मांचू फौजेतला अंमलदार लूछानकडे शिकला. पण लूछानचे शिष्य राजपुत्र होते, आणि साध्या अंमलदाराने राजपुत्राचा गुरुबंधू म्हणवून घेणे शिष्टाचाराला धरून नव्हते. म्हणून त्याने कागदोपत्री गंडा बांधला तो मुलाचा, बानहोऊचा. छुआनयोऊचा मुलगा ज्यानछुआन (1870–1942) याने चिनी पद्धतीचे वू हे आडनाव घेतले आणि दुसरे वू घराणे उभे राहिले. बानहोऊकडून आलेली ‘छोटी चौकट’, किंचित पुढे झुकलेला पण एका रेषेत ठेवलेला कणा, जवळजवळ समांतर पावले आणि प्रतिस्पर्ध्याशी हात जुळवून केलेला बारीक सराव ही त्याची ओळख.

1911 च्या क्रांतीने छिंग राजवट संपली आणि मांचू फौजेतल्या कुटुंबांचे तनखे आटले. वस्तादांना आता राजपुत्र उरले नाहीत. त्यांना फी देणारे शिष्य हवे होते. दुसरीकडे नव्या प्रजासत्ताकातले सुशिक्षित लोक राष्ट्राच्या दुबळेपणावर उपाय शोधत होते आणि व्यायाम हा त्यांना त्यातला एक वाटत होता. या दोन गरजांची गाठ पडली ती बीजिंगमध्ये 1912 मध्ये श्यू यूशंग याने स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण संशोधन संस्थेत. तिथे यांग शाओहोऊ आणि यांग छंगफू हे लूछानचे नातू, वू ज्यानछुआन आणि सुन लूतांग यांना शिकवायला बोलावले गेले. एकाच छपराखाली तीन घराण्यांच्या चाली पाहायला मिळू लागल्या. निवड करू शकणारा नवशिका इथे पहिल्यांदा दिसतो. तो भाऊबंद नाही, सैनिक नाही, संरक्षक धनीही नाही. तो फी भरून येतो, आणि पटले नाही तर शेजारच्या वर्गात जाऊ शकतो.

याच संस्थेतला सुन लूतांग (1860–1933) हा पाचव्या घराण्याचा संस्थापक, आणि त्याची गोष्ट उलट्या क्रमाची आहे. शिंगयी आणि बाग्वा या दोन मुष्टिविद्यांत तो आधीच नामांकित होता. ताईचीकडे तो पन्नाशी उलटल्यावर वळला. हाओ वेइचन बीजिंगला आला असता आजारी पडला, सुन लूतांगने त्याची राहण्याची आणि औषधपाण्याची व्यवस्था केली, आणि बरा झाल्यावर हाओने उपकाराची फेड म्हणून आपली विद्या त्याला दिली. सुनने तिच्यात आपल्या आधीच्या दोन्ही विद्यांची पावले मिसळली. या घराण्यात एक पाय पुढे गेला की दुसरा मागोमाग सरकतो, बैठक उंच राहते आणि प्रत्येक वळणावर तळहात उघडून मिटले जातात. सुनने पुस्तकेही लिहिली. ताईचीवरचे त्याचे पुस्तक 1921 चे. खेड्यात चाळीस वर्षांत फुटली नसती अशी गुपिते आता छायाचित्रांसह दुकानात विकायला आली, आणि त्यामुळे कोणाचा क्रम खरा यावरचे वादही छापून येऊ लागले.

शहरांतल्या या बाजारपेठेला सर्वांत जास्त मानवली ती यांग छंगफूची (1883–1936) चाल. त्याने आजोबांच्या विद्येतल्या उड्या, पायआपट आणि वेगातले चढउतार काढून टाकले. राहिली ती मोठ्या आवाक्याची, एकसारख्या गतीची, खुल्या छातीने वाहणारी हालचाल, जी म्हाताऱ्याला करता येते आणि तरुणालाही कमीपणाची वाटत नाही. दक्षिणेकडे तिची वाट त्याचा शिष्य चेन वेइमिंग याने आधीच मोकळी केली होती. 1925 मध्ये त्याने शांघायमध्ये स्वतःची संस्था काढली आणि गुरूच्या दहा सूचना लिहून काढल्या. त्या दहा सूचना आजही यांग वर्गांत पाठ करून घेतल्या जातात. छंगफू स्वतः 1928 नंतर नानजिंग, शांघाय, हांगचौ, ग्वांगचौ असा फिरत राहिला. 1934 मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकातली छायाचित्रे ही यांग घराण्याची प्रमाण प्रत ठरली. जगात ताईची म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे संथ चित्र येते, ते मुख्यतः या एका माणसाचे, त्याच्या उतारवयातले.

त्याच 1928 मध्ये चेनजियागोऊचा चेन फाखे (1887–1957) बीजिंगमध्ये शिकवायला आला, आणि ताईचीच्या इतिहासातला मोठा विरोधाभास उघडा पडला. राजधानीच्या लोकांना दोन पिढ्या यांग आणि वू यांच्या मृदू चालीची सवय झाली होती. हा माणूस जमिनीवर पाय आपटत होता, हात झटकत होता, बसकण मारून उठत होता. हे ताईचीच नव्हे, असे म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. मूळ घराणे सर्वांत उशिरा शहरात आले आणि तेच उपरे ठरले. फाखे बीजिंगमध्ये मृत्यूपर्यंत शिकवत राहिला. त्याच्या क्रमाला पुढे ‘नवी चौकट’ असे नाव पडले आणि गावात राहिलेल्या क्रमाला ‘जुनी चौकट’.

सरकारनेही या सुमारास हात घातला. 1928 मध्ये नानजिंगला राष्ट्रीय मुष्टिविद्या संस्था निघाली. वू ज्यानछुआनचा शिष्य आणि राजकारणी छू मिनयी याने शाळांसाठी ताईचीची कवायत तयार केली, जी घराण्यांच्या अभिमान्यांना मुळीच रुचली नाही. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चिनी मुष्टियोद्ध्यांच्या पथकाने तिथे प्रात्यक्षिके केली. पथकात स्त्रियाही होत्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्याच वर्षी बर्लिनमध्ये देशी व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवत होते. आखाड्यातली विद्या राष्ट्राच्या व्यायामात बसवायची ही खटपट त्या काळात दोन्हीकडे चालू होती.

1949 नंतर वाटा फुटल्या. वू ज्यानछुआनचा थोरला मुलगा वू गोंगयी हाँगकाँगला होता. 17 जानेवारी 1954 रोजी मकाऊत त्याची श्वेतबलाक पंथाच्या, वयाने बऱ्याच लहान चेन खफू याच्याशी लढत झाली. निमित्त होते हाँगकाँगच्या आगग्रस्तांसाठी निधी जमवण्याचे. दुसऱ्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि कुणीच जिंकले नाही. लढत म्हणून पाहता ती ओबडधोबड होती, पण हाँगकाँगच्या वर्तमानपत्रांना तिने पेटवले. ल्यांग यूशंगची पहिली मुष्टियोद्ध्यांची कादंबरी काही दिवसांतच एका सायंदैनिकात क्रमशः सुरू झाली, पुढच्या वर्षी चिन योंग लिहू लागला, आणि त्या कादंबऱ्यांनी वूदांगचा चांग सानफंग पुन्हा गादीवर बसवला. तांग हाओची वंशावळींची मेहनत वाचणारे मोजके होते. कादंबऱ्या वाचणारे लाखो. तैवानला गेलेल्या चंग मानछिंग या वैद्य-चित्रकाराने यांग छंगफूचा लांब क्रम सदतीस पवित्र्यांवर आणला आणि 1964 मध्ये तो न्यूयॉर्कला शिकवू लागला. पाश्चात्त्य देशांतल्या अनेकांची ताईचीशी पहिली ओळख झाली ती या छोट्या क्रमातून.

मुख्य चीनमध्ये 1956 साली राज्य क्रीडा आयोगाने नवशिक्याचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. तज्ज्ञांची समिती बसवून यांग घराण्याच्या लांब क्रमातले पुनरावृत्तीचे भाग गाळले आणि चोवीस पवित्र्यांचा ‘सोपा क्रम’ तयार केला. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे 85 ते 108 भरणारा, वीसेक मिनिटांचा लांब क्रम पाच-सहा मिनिटांवर आला. सोप्या हालचाली आधी, अवघड नंतर, आणि यांगच्या जुन्या क्रमात एकाच बाजूने होणारे काही डाव इथे दोन्ही बाजूंनी. या क्रमाला गुरुपरंपरा नाही, गुपित नाही, गंडा नाही. घराण्यांनी त्याला ‘पाणचट’ म्हटले, आणि तरीही पुढच्या काळात घराण्यांकडे वळणाऱ्या असंख्य शिष्यांची सुरुवात याच क्रमाने झाली. नंतर स्पर्धांसाठी घराण्यांचे मिश्रण करून 48 आणि 42 पवित्र्यांचे क्रम आले. ते प्रेक्षकांच्या आणि परीक्षकांच्या नजरेसाठी रचलेले आहेत, आणि नवशिक्याने त्यांच्यापासून सुरुवात करण्यात फारसा अर्थ नाही.

चेनजियागोऊत या काळात विद्या विझत आली होती. चेन चाओपी (1893–1972) निवृत्तीनंतर 1958 मध्ये गावी परतला, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या छळातूनही त्याने तरुणांची एक पिढी तयार केली. त्याच्यानंतर फाखेचा मुलगा चेन चाओख्वे येऊन ‘नवी चौकट’ शिकवून गेला. चेन श्याओवांग, चेन चंगलेइ, वांग शीआन आणि चू त्यानत्साई हे या दोघांकडून शिकलेले चौघे 1980 नंतर जगभर फिरले. चेन घराणे चीनबाहेर मोठ्या प्रमाणावर दिसू लागले ते तेव्हापासून. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने ताईचीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

आज सुरुवात करणाऱ्यापुढे हा सगळा साठा एकदम येतो. यांग घराणे किंवा चोवीसचा क्रम सर्वांत सहज सापडतो, आणि तो शहरी, सर्व वयांच्या माणसांसाठीच घडवलेला असल्यामुळे सुरुवातीला निभावतोही. एकसारख्या गतीचा तोटा असा की चुका लपून राहतात. वर्षभर हात हलवूनही कमर हललीच नाही असे होऊ शकते. चेनमध्ये चूक लगेच दिसते, पण खोल बैठकीत गुडघा पावलाच्या दिशेबाहेर वळला तर इजाही लगेच होते. दुखरे गुडघे असणाऱ्याला चेन वर्ज्य नाही. उंच बैठकीने शिकवणारा वस्ताद मिळाला पाहिजे, इतकेच. वू घराण्याला जागा कमी लागते आणि जोडीने करायचा सराव त्यात लवकर येतो; पुढे झुकण्याची पद्धत नीट समजली नाही तर मात्र कंबर भरून येते. सुनची उंच बैठक वयस्करांना सोपी जाते. म्हणूनच 1997 मध्ये सिडनीचे डॉक्टर पॉल लॅम यांनी संधिवातासाठी क्रम बसवताना सुन घराण्याचा आधार घेतला. वैद्यकीय संशोधनाने घराण्यांची प्रतवारी लावलेली नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओरेगनच्या अभ्यासात कंपवाताच्या 195 रुग्णांपैकी एका गटाने 24 आठवडे, आठवड्यातून दोनदा, तासभर ताईची केली आणि तोल सावरण्यात तो गट ताणाचे व बळाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा पुढे राहिला. त्यांना दिलेला क्रम खास त्यांच्यासाठीच जुळवलेला होता.

वू-हाओ ही पाचांतली सर्वांत दुर्मीळ चाल. बाहेरून जे दिसत नाही तेच तिच्यात शिकायचे असल्याने, आधी दुसऱ्या घराण्यात काही वर्षे घालवलेले शिष्यच बहुधा तिच्याकडे वळतात. सुन लूतांगही तसाच वळला होता. पाचांबाहेर चाओबाओ गावाची परंपरा आहे, वूदांगच्या नावाने चालणारे वर्ग आहेत, आणि चंग मानछिंगचा सदतीसचा क्रम आता जवळजवळ स्वतंत्र शाखेसारखा नांदतो. यांतल्या कोणत्याही वर्गात पहिले काही महिने उभे राहणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे आणि खांदे सैल सोडणे यातच जातात, आणि तोवरचे शिक्षण सर्व घराण्यांत जवळपास एकच असते. फरक सुरू होतो तो जोडीचा सराव लागला की.